बारा वेळा ओमाहाला, बारा वेळा रिकाम्या हातानं

जूनमधल्या एका गुरुवारी सकाळी मी चहा गाळत होतो आणि भाच्याचा अमेरिकेतून फोन आला. आवाज इतका पडलेला की आधी मनात आलं, याची नोकरी गेली. "मामा, दोन आउट झाले होते. एक आउट काढायचा होता फक्त. आणि आपण हरलो." भारताची मॅच नव्हती एवढं मला माहीत होतं. मग कळलं, आर्कन्सॉ विद्यापीठाचा बेसबॉल संघ हरलाय.

भाचा शिकला सांगलीत. नोकरीनिमित्त तो आर्कन्सॉ राज्यातल्या बेंटनव्हिलला असतो. वॉलमार्टचं मुख्यालय तिथं असल्यामुळं आयटीतली भारतीय माणसं त्या भागात बरीच आहेत, मराठीही आहेत. त्या विद्यापीठाशी याचा संबंध एवढाच की फेएटव्हिलचं मैदान याच्या घरापासून गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर आहे. कॉलेजातल्या पोरांच्या मॅचसाठी सांगलीचा तिशीतला माणूस रात्रभर जागतो आणि घास घशाखाली उतरत नाही म्हणतो, हे मला काही केल्या पटेना. त्यानं फोनवर समजावायचा प्रयत्न केला, पण त्या दिवशी त्याला धड बोलताही येत नव्हतं. मग पुढचे काही आठवडे मीच वाचत आणि जुन्या मॅच बघत बसलो. जे समजलं ते इथं मांडतो.

घड्याळ नसलेला खेळ

क्रिकेट येणाऱ्याला बेसबॉल समजायला दहा मिनिटं पुरतात. शाळेत सॉफ्टबॉल खेळलेल्यांना तीही नकोत. चार बेसचा चौकोन असतो. बॅटरनं चेंडू मारायचा, एकेक बेस गाठत पुन्हा घरी यायचं, घरी पोचला की एक रन. तीन जण आउट झाले की तेवढा डाव संपला. असे दोन्ही संघांचे नऊ-नऊ डाव. चेंडू रेषांच्या बाहेर गेला तर तो 'फाउल', त्यावर पळता येत नाही. पण तो फाउल चेंडू जमिनीवर पडायच्या आत कुणी झेलला तर बॅटर आउट. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

क्रिकेटपेक्षा मोठा फरक म्हणजे इथं ओव्हर नाहीत. पुढं असलेल्या संघाला वेळ काढता येत नाही. कबड्डीत शेवटचा मिनिट राहिला आणि चार गुणांची आघाडी असली की चढाई करणारा जेमतेम रेषा ओलांडून सुखरूप परत येतो, बाकीचं काम घड्याळ करतं. बेसबॉलमध्ये ती सोय नाही. सत्तावीस आउट काढायचे म्हणजे सत्तावीस. सव्वीस निघाले, आघाडी दोन रनची आहे, तरी समोरचा संघ पूर्ण जिवंत असतो. भाच्याच्या "एक आउट काढायचा होता फक्त" या वाक्यातलं दुखणं इथून सुरू होतं.

दुसरी गोष्ट पिचरची. पिचर म्हणजे यांचा गोलंदाज, चांगला असेल तर ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास चेंडू टाकणारा. शंभरएक चेंडू टाकले की पुढचे बरेच दिवस त्याचा हात कामाचा राहत नाही. म्हणून कॉलेजच्या मोसमात शुक्रवारचा, शनिवारचा आणि रविवारचा पिचर वेगळा ठरलेला असतो. घरात पाण्याच्या तीन टाक्या आहेत आणि टँकर आठवड्यातून एकदाच येतो, असं समजा. रोजच्या वापराला तीन टाक्या पुरतात. पण घरात कार्य निघालं आणि सलग पाच दिवस पाहुणे राहिले तर चौथ्या दिवशी शेजाऱ्याकडं बादली घेऊन जावं लागतं. मोसमाच्या शेवटी होणारी स्पर्धा म्हणजे हेच कार्य.

ओमाहाचा रस्ता

फेब्रुवारी ते मे साखळी सामने होतात. मग देशभरातून ६४ संघ निवडले जातात. त्यांचे चार-चारांचे १६ गट पडतात, आणि वरच्या १६ मानांकित संघांना साधारणपणे आपापल्या मैदानावर गट भरवायला मिळतो. गटात 'दोन हार' पद्धत असते, म्हणजे एकदा हरलात तर चालतं, दुसऱ्यांदा हरलात की घरी. लहानपणी खेळताना आपण प्रत्येकाला दोन लाइफ द्यायचो, तेच. उरलेले १६ संघ जोडीजोडीनं तीन सामन्यांची मालिका खेळतात, ज्याचे दोन विजय आधी झाले तो पुढं. असे आठ संघ नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात जमतात. ही स्पर्धा १९५० पासून दर वर्षी ओमाहातच भरते (२०२० मध्ये कोविडमुळं झाली नाही). तिथं पुन्हा चार-चारांचे दोन गट, पुन्हा दोन लाइफ, आणि दोन गटविजेत्यांची तीन सामन्यांची अंतिम मालिका.

कॉलेज बेसबॉलच्या लोकांच्या तोंडी 'ओमाहा' हा शब्द आपल्याकडच्या 'पंढरपूर'सारखा येतो. संघ शेवटच्या आठांत गेला असं कुणी म्हणत नाही, 'ओमाहाला गेला' म्हणतात. आर्कन्सॉचे लोक गाडीत खुर्च्या, बर्फाच्या पेट्या टाकून सहा-सात तास रस्ता कापून तिथं जातात आणि दोन्ही हात वर करून बोटं हलवत "वूऽऽऽ पिग! सूई!" अशी डुकराला हाक मारल्यासारखी आरोळी ठोकतात. संघाचं बोधचिन्ह रानडुक्कर आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू येतं, पण "गणपती बाप्पा" ऐकल्यावर आपल्या तोंडून पुढचा शब्द जसा आपोआप निघतो तसं यांचं होतं.

त्या रात्री काय झालं

२०२५ साली आर्कन्सॉला तिसरं मानांकन होतं. पहिल्या मानांकनाचा व्हँडरबिल्ट आणि दुसऱ्याचा टेक्सस, दोघेही आपापल्या घरच्या गटातच गारद झाले. आर्कन्सॉनं मात्र गट न हरता जिंकला आणि मालिकेत गतविजेत्या टेनेसीला २-० नं घरी पाठवलं. सगळ्या राज्यात एकच वाक्य: हे वर्ष आपलं.

ओमाहात १४ जूनला शेजारच्या लुइझियानाच्या एलएसयूकडून ४-१ अशी हार झाली. एक लाइफ गेली. १६ जूनला गेज वूड नावाच्या त्यांच्या पिचरनं मरी स्टेटविरुद्ध एकही हिट (म्हणजे बॅटरनं फटका मारून बेस गाठणं) दिली नाही आणि १९ जणांना नुसत्या चेंडूंवर बाद केलं. ओमाहातल्या मुख्य स्पर्धेत असा एकही हिट न देणारा सामना १९६० नंतर पहिल्यांदाच झाला. मी तो सामना नंतर पाहिला. आठव्या डावात एका बॅटरला चेंडू लागला म्हणून तो बेसवर गेला, नाहीतर एकालाही पहिला बेस मिळाला नसता. दुसऱ्या दिवशी यूसीएलएला हरवलं. आणि १८ जूनला पुन्हा एलएसयू.

नववा डाव सुरू झाला तेव्हा बरोबरी होती. आर्कन्सॉनं दोन रन काढून ५-३ अशी आघाडी घेतली. एलएसयूची शेवटची पाळी, दोन आउट, दोघं बेसवर. बॅटरनं डावीकडं जोरात सरळ चेंडू मारला. तिथला क्षेत्ररक्षक झेल घ्यायला निघाला आणि त्याचा पाय घसरला. चेंडू त्याच्यावरून मागं गेला, दोन्ही रन आले, ५-५. पुढच्या बॅटरचा फटका सेकंड बेसमनच्या हातमोज्याला लागून मागं उडाला आणि मैदानात पडला. ६-५. मॅच संपली. एलएसयू पुढं जाऊन विजेते झाले, ते त्यांचं आठवं विजेतेपद.

घसरलेल्या मुलाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. शोधलंत तर दोन सेकंदांत सापडेल.

आणि एक गोष्ट रडारडीत बहुतेकांच्या लक्षात राहिली नव्हती. तो झेल पकडला असता तरी आर्कन्सॉ अंतिम फेरीत पोचला नव्हताच. एलएसयूची दुसरी लाइफ शाबूत होती. दुसऱ्या दिवशी त्यांनाच पुन्हा हरवावं लागलं असतं, तेही गेज वूड बाकावर बसलेला असताना, कारण ११९ चेंडू टाकून त्याला जेमतेम तीन दिवस होत होते. टाकी रिकामी होती. हे मी भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, आत्ता नको."

पण इतका चांगला संघ हरतोच कसा?

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. भाताला ते लागू पडतं, कारण पातेल्यातला भात सगळीकडं सारखा शिजतो. बेसबॉलचं पातेलं तसं नाही. एक मॅच बघून संघ कच्चा की पक्का हे सांगता येत नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो आणि त्यातले शंभर जिंकणारा संघ फार भारी समजला जातो. म्हणजे तो भारी संघ बासष्ट वेळा हरलेला असतो, आणि त्यातले कितीतरी सामने तळातल्या संघांशी.

आता हिशेब करा. समजा एखादा कॉलेजचा संघ इतका चांगला आहे की ओमाहाच्या रस्त्यावरचा प्रत्येक टप्पा पार करायची त्याची शक्यता शंभरात सत्तर. टप्पे चार. पहिला पार करणार शंभरातले ७०, दुसरा ४९, तिसरा ३४, आणि चौथा २४. म्हणजे सगळ्यांहून वरचढ असूनही तो संघ चारांतल्या तीन वर्षी रडत घरी येणार.

हा कागदावरचा खेळ नाही. ६४ संघांची ही पद्धत १९९९ ला सुरू झाली. त्या वर्षी पहिल्या मानांकनाचा मायामी जिंकला. त्यानंतर पहिल्या मानांकनाचा संघ विजेता व्हायला थेट २०२४ उजाडलं, तेव्हा टेनेसी जिंकला. त्याच टेनेसीचा २०२२ चा संघ अनेकांच्या मते अधिक जबरदस्त होता. ५७ विजय आणि ९ पराभव असा मोसम करून तो घरच्या मैदानावर नोट्र डेमकडून हरला, ओमाहा दिसलंसुद्धा नाही.

आर्कन्सॉचाच २०२१ चा किस्सा तर कुणाला सांगावा तर खोटा वाटेल. पहिलं मानांकन, घरचं मैदान, समोर एनसी स्टेट. पहिला सामना आर्कन्सॉनं २१-२ असा जिंकला. दुसरा ५-६ हरला, तिसरा २-३ हरला. तीन सामन्यांचे मिळून रन मोजले तर २८ विरुद्ध ११, आणि २८ वाले घरी. नेट रनरेट नावाची दया इथं नाही. एकवीस रन काढा नाहीतर तीन, विजय एकच मोजला जातो.

मग बारा वेळा जाऊनही एकदाही नाही, हा काय योगायोग?

ही शंका रास्त आहे. १९७९ पासून २०२५ पर्यंत आर्कन्सॉ बारा वेळा ओमाहाला गेलं, त्यातल्या आठ वेळा आत्ताचे प्रशिक्षक डेव्ह व्हॅन हॉर्न यांच्या हाताखाली. विजेतेपद शून्य. चाहत्यांतला एक मोठा गट म्हणतो, या माणसाला ऐनवेळी दाब सहन होत नाही.

आठ चिठ्ठ्या टाकून एक उचला. तुमच्या नावाची न निघण्याची शक्यता आठात सात. असं बारा वेळा करा. बाराही वेळा तुमचं नाव न निघण्याची शक्यता साधारण पाचात एक पडते. म्हणजे ओमाहातले आठही संघ अगदी बरोबरीचे धरले, तर इतकं वाईट नशीब पाचांतल्या एकाच्या वाट्याला निव्वळ चिठ्ठ्यांमुळं येईल. आर्कन्सॉ सरासरीपेक्षा बरा संघ आहे, म्हणून शक्यता आणखी थोडी कमी धरा. तरी ती शाप म्हणण्याइतकी कमी होत नाही. व्हॅन हॉर्न यांच्या काही निर्णयांबद्दल वाद घालता येतो. २०२१ च्या तिसऱ्या सामन्यात पिचर केव्हिन कॉप्सला नवव्या डावातही चालू ठेवलं आणि त्यालाच होम रन (आपल्या षटकारासारखा फटका) बसला, यावर माझंही मत आहे. पण आठ वेळा तिथवर नेणं हा त्यांच्या कामाचा पुरावा, आणि शेवटचा आउट न मिळणं बराचसा चिठ्ठीचा खेळ, असं मला वाटतं.

"कॅच सुटला तो सुटला, त्यात नशीब कसलं?"

आता तो फाउल चेंडू. २७ जून २०१८, ओमाहा, अंतिम मालिकेचा दुसरा सामना. पहिला आर्कन्सॉनं ओरेगन स्टेटविरुद्ध जिंकलेला. दुसऱ्यात नवव्या डावात ३-२ अशी आघाडी, दोन आउट. बॅटरचा फटका उंच उडाला, उजव्या बाजूला, रेषेबाहेर. म्हणजे फाउल, पण झेलला तर आउट, आणि आउट म्हणजे आर्कन्सॉच्या इतिहासातलं पहिलं विजेतेपद. तिघं धावले. प्रत्येकाची नजर वर. चेंडू तिघांच्या मधोमध जमिनीवर पडला.

क्रिकेटमध्ये "माझा, माझा" असं ओरडून कॅच मागतात ना, ते झालं नाही किंवा कुणाला ऐकू गेलं नाही. त्यानंतर त्याच बॅटरनं बरोबरी साधली, पुढच्यानं होम रन मारला, ओरेगन स्टेट ५-३ नं जिंकलं. दुसऱ्या रात्री आर्कन्सॉला जेमतेम दोन हिट मिळाल्या आणि ५-० अशी हार. आजही तिथं 'तो फाउल बॉल' एवढं म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. आपल्याकडं '१९ नोव्हेंबर' म्हटल्यावर अहमदाबाद आठवतं आणि आधीचे दहा विजय कुणी काढत नाही, तसं.

चूक ती चूकच, ते मान्य. पण चूक कुठल्या क्षणी होते हे कुणाच्या हातात नसतं. एलएसयूविरुद्ध घसरला तोच पाय एप्रिलमधल्या एखाद्या मंगळवारी, सात रनची आघाडी असताना घसरला असता तर लोक हसले असते आणि विसरले असते.

एवढं रडायचं कशाला?

आर्कन्सॉ राज्यात वरच्या पातळीचा एकही व्यावसायिक संघ नाही, ना बेसबॉलचा, ना अमेरिकन फुटबॉलचा, ना बास्केटबॉलचा. राज्याचा संघ म्हणावा तर विद्यापीठाचाच. फेएटव्हिलच्या बेसबॉल मैदानात डाव्या बाजूच्या कुंपणामागं 'हॉग पेन' नावाची जागा आहे, तिथं माणसं शेगड्या मांडून मांस भाजत मॅच बघतात. भाचा पहिल्यांदा गेला तेव्हा शेजारच्या अनोळखी कुटुंबानं त्याला, मांस खात नाही म्हटल्यावर, कणसं भाजून दिली. परक्या गावात ओळखी व्हायला तेवढं पुरतं.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सियाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली एक मजेदार अभ्यास छापला. विद्यापीठाचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला की सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढतात, असं त्यांना दिसलं. आणि फोन करून सामन्याबद्दल विचारलं तर जिंकल्यावर मुलं "आपण जिंकलो" म्हणण्याकडं झुकायची आणि हरल्यावर "ते हरले" म्हणण्याकडं. भारत हरला की आपणही "हे लोक" म्हणतोच.

दुसरं कारण मला जास्त पटतं. कॉलेजचा संघ एका वर्षापुरता असतो. भारत हरला तर विराट, रोहित पुढच्या मालिकेत दिसतात. इथं जुलैत व्यावसायिक संघ खेळाडू उचलतात, चौथ्या वर्षाची मुलं पास होऊन जातात, काही जण दुसऱ्या विद्यापीठात बदली घेतात. गेज वूड गेला. त्या वर्षीचा कॉलेजमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गोल्डन स्पाइक्स पुरस्कार मिळालेला वेहिवा अलॉय गेला. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायचं तर पुढच्या वर्षी ही मुलं नसतात. ५-३ पुढं असलेला तो संघ त्या रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास संपला, कायमचा.

"आता त्यांना पैसे मिळतात, मग बोललेलं खपवून घ्यावं"

हा युक्तिवाद हल्ली फार चालतो. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावाचे, जाहिरातीचे पैसे घ्यायची परवानगी मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयानं मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठंही खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. तेव्हा 'बिचारी पोरं' हे आता पूर्ण खरं नाही, हे कबूल. कुणी वाईट खेळलं तर वाईट खेळलं म्हणावं.

पण २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं राज्यांना खेळांवरची सट्टेबाजी कायदेशीर करायची वाट मोकळी झाली, आणि तेव्हापासून हरलेल्या मुलाच्या फोनवर येणाऱ्या शिव्यांत चाहत्यांबरोबर पैसे घालवलेलेही आले. खेळाडूंना होणाऱ्या या छळाबद्दल कॉलेज खेळांची संघटना एनसीएए जाहीरपणे बोलत असते. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा. आपल्याकडं या वयाच्या पोराला आई अजून 'जेवलास का' विचारते.

मग पद्धत बदलत का नाहीत?

कारण हीच पद्धत दुसऱ्या कुणाचं तरी भलं करते. गेज वूडनं ज्यांना एकही हिट दिली नाही तो केंटकीचा मरी स्टेट आपल्या गटात चौथ्या, म्हणजे शेवटच्या मानांकनावर होता. तो ओल मिसला आणि मग ड्यूकला त्यांच्याच मैदानांवर हरवून ओमाहाला आला. साखळीतल्या गुणांवर विजेता ठरवला असता तर तो संघ टीव्हीवरसुद्धा दिसला नसता. आर्कन्सॉच्या चाहत्यांना त्याचं तेव्हा कौतुक होतं. आपल्यावर आलं तेव्हा पद्धत वाईट.

भाच्याचा परवा पुन्हा फोन आला. मी चिठ्ठ्यांचा हिशेब त्याला एकदाचा ऐकवला, पाचात एक वगैरे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरोबर आहे मामा. पण आपण तो घेतला पाहिजे होता." आम्ही नाही म्हणाला, आपण. मी सोलापूर रोडवर पीएमपीमध्ये उभा होतो आणि मला "हो ना" म्हणावं लागलं. ऑक्टोबरात सरावाचे सामने असतात म्हणे. शेगडी नेता येते का, ते त्यानं आत्तापासून विचारून ठेवलंय.